दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा की अकरावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआयमध्ये फिटरचा शिल्पनिदेशक, म्हणजे शिकवणारा, म्हणून बरीच वर्षं काढली. निकालाच्या आठवड्यात फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. सगळं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मुलांना धरून आहे. तारखा आणि कट-ऑफ दर वर्षी बदलतात, ते त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा.

१. दहावीनंतर वाटा नेमक्या किती?

मोठ्या चार. अकरावी-बारावी (कला, वाणिज्य, विज्ञान). तंत्रनिकेतनातला तीन वर्षांचा डिप्लोमा, म्हणजे पदविका. एक किंवा दोन वर्षांचं आयटीआय. आणि बारावीचंच पण व्यवसायाचं शिक्षण, ज्याला पूर्वी एमसीव्हीसी म्हणत आणि आता एचएससी व्होकेशनल म्हणतात (प्रश्न ११ पाहा). शेतीकडे कल असेल तर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीतली कृषी पदविकाही आहे. तिचा प्रवेश वेगळा होतो, त्यामुळे पुष्कळांना ती माहीतच नसते.

२. आयटीआय आणि डिप्लोमा एकच ना? आमच्याकडे दोन्हीला "कोर्स" म्हणतात.

एक नाहीत. आयटीआयमध्ये हात घडतो. दिवसाचा बराचसा वेळ वर्कशॉपमध्ये जातो. फायलिंग, टॅपिंग, वायंडिंग, वेल्डिंगचा बीड सरळ येईपर्यंत तेच तेच. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. ही शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे.

डिप्लोमा हे अभियांत्रिकीचं शिक्षण आहे, फक्त पदवीच्या एक पायरी खालचं. गणित, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, प्रयोगशाळा, सबमिशन, सहा सत्रं. परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. कारखान्यात आयटीआयवाला मशिनवर उभा राहतो, डिप्लोमावाला बहुधा सुपरवायझर, क्वालिटी किंवा मेंटेनन्सकडे जातो. दहा वर्षांनी कोण कुठे असेल ते मात्र कागदावरून सांगता येत नाही.

३. मुलाला ८८ टक्के आहेत. आयटीआयला घातला तर वाया जाईल का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त राग येणाराही. चांगल्या सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटर मिळायला टक्के चांगलेच लागतात. प्रवेश दहावीच्या गुणांवर, गुणवत्ता यादीनेच होतो. कुठेच नाही मिळालं म्हणून शेवटी आयटीआय, असं समजून येणाऱ्याला हे ट्रेड मिळतही नाहीत.

तरीही ८८ टक्केवाल्याला मी आधी दुसरंच विचारतो. तुला गणित सोडवायला आवडतं की मिळालेले मार्क आवडतात? गणित खरंच आवडत असेल तर डिप्लोमा किंवा अकरावी विज्ञान घे. घरातला मिक्सर उघडून बसणारा, बाईकचा कार्ब्युरेटर स्वतः साफ करणारा मुलगा असेल तर आयटीआयमध्ये तो वाया जाणार नाही. तिथून वर जायची वाटही आहे (प्रश्न ५).

४. गणित कच्चं आहे, म्हणून डिप्लोमा घेतो. बरोबर आहे का?

चूक आहे. डिप्लोमाला प्रवेश ३५ टक्क्यांवरही मिळू शकतो, सीईटी नसते, म्हणून तो सोपा वाटतो. पहिल्याच वर्षी बेसिक आणि अप्लाइड मॅथ्स समोर येतं आणि ज्यांनी गणिताला घाबरून अकरावी टाळली ते तिथेच एटीकेटीत अडकतात. इंग्रजीची भीती असेल तर तिच्यावर थोडा उतारा आहे, काही ठिकाणी मराठी-इंग्रजी अशा द्विभाषिक माध्यमाचा पर्याय मिळतो. गणिताला असा पर्याय नाही.

५. आयटीआय केलं की बारावी होत नाही. मग पुढचं शिक्षण बंद?

नाही. इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली वाट डिप्लोमाची. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथून पुढे अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे दहावी, आयटीआय, डिप्लोमा, पदवी अशी साखळी पूर्ण होते. वेळ लागतो, पण मधल्या प्रत्येक टप्प्यावर हातात कमाईचं साधन असतं. माझ्याच वर्गातला एक मुलगा असा गेला. दुसऱ्या वर्षाला बसला तेव्हा वर्कशॉपमध्ये तो सगळ्यांच्या पुढे आणि गणितात सगळ्यांच्या मागे होता. पहिल्या वर्षाचं गणित त्याने केलेलंच नव्हतं. ही वाट धरायची असेल तर सुट्टीत डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक आणून सोडवायला घ्या.

दुसरी वाट समकक्षतेची. दहावीनंतरचं दोन वर्षांचं आयटीआय बारावीला समकक्ष धरता येतं, पण आपोआप नाही. त्यासाठी भाषेचे विषय देऊन उत्तीर्ण व्हावं लागतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही, म्हणजे एनआयओएसमधून, आयटीआयचं श्रेय धरून बारावीचं प्रमाणपत्र मिळवता येतं. आठवीनंतर दोन वर्षांचं आयटीआय केलेल्यांना याच धर्तीवर दहावीची समकक्षता मिळते. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते, तिथे अर्ज भरताना ही गोष्ट आठवते आणि तोवर उशीर झालेला असतो. आयटीआय संपलं की पहिल्या वर्षातच हे काम उरकून घ्या.

एक वर्षाच्या ट्रेडला (वेल्डर, कॉम्प्युटरचा कोपा, प्लंबर) हे दोन्ही फायदे तसेच्या तसे लागू होत नाहीत. ट्रेड निवडताना हे लक्षात ठेवा.

६. इंजिनिअरच व्हायचंय. बारावी-सीईटी करू की डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ?

बारावीच्या वाटेने पदवी दहावीनंतर सहा वर्षांत, डिप्लोमाच्या वाटेने तीन अधिक तीन म्हणजे सहाच वर्षांत. वर्ष वाचत नाही आणि वायाही जात नाही. फरक वेगळ्या ठिकाणी आहे.

बारावीवाल्याला एमएचटी-सीईटी द्यावी लागते. डिप्लोमावाल्याला सीईटी नाही, डिप्लोमाचे टक्के हीच गुणवत्ता. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राखीवला ४०. जागा दोन प्रकारच्या असतात: मंजूर जागांच्या १० टक्के अधिकच्या, आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. आता गंमत बघा. नामांकित कॉलेजात पहिल्या वर्षाच्या जागा रिकाम्या राहतच नाहीत. त्यामुळे व्हीजेटीआय किंवा सीओईपीसारख्या ठिकाणी डिप्लोमावाल्यांना मोजक्याच जागा उरतात आणि त्यासाठी नव्वदीच्या पुढचे टक्के लागू शकतात. मध्यम कॉलेजात मात्र डिप्लोमाची वाट सीईटीपेक्षा सोपी पडते.

थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांची ठरलेली तक्रार म्हणजे एम-थ्री. तिसऱ्या सत्राचं गणित, लाप्लास वगैरे. बारावीवाल्यांनी आधी दोन सत्रं पदवीचं गणित केलेलं असतं, यांनी नाही. उलट मशिन ड्रॉइंग, सर्व्हे, पॅनल वायरिंग यात डिप्लोमावाले त्यांना शिकवतात.

आयआयटीचं स्वप्न असेल तर अकरावी विज्ञान घ्या. डिप्लोमानंतर आयआयटीच्या बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश नसतो. पदवीनंतर गेट देऊन एम.टेक.ला जाता येतं, ते दार सगळ्यांनाच उघडं आहे.

माझं मत विचाराल तर घरची परिस्थिती बेताची असेल, मध्येच नोकरी धरावी लागेल अशी शक्यता असेल, तर डिप्लोमा. बारावी विज्ञानानंतर शिक्षण थांबलं तर हातात कामाचं असं काही नसतं. डिप्लोमानंतर थांबलं तर असतं. नोकरी धरलेल्या डिप्लोमाधारकांसाठी काही कॉलेजांत संध्याकाळच्या वेळेत पदवीचे वर्गही आता चालतात.

७. डिप्लोमा किंवा आयटीआय करून सरकारी नोकरी मिळते का? एमपीएससी देता येते का?

एमपीएससीची राज्यसेवा, तलाठी, यूपीएससीची नागरी सेवा यांना पदवी लागते. डिप्लोमा ही पदवी नव्हे. दर वर्षी कोणीतरी "तीन वर्षांचा आहे म्हणजे बीएससीसारखाच" असं म्हणत येतो. तसं नाही. पदवी हवी असेल तर थेट दुसऱ्या वर्षाची अभियांत्रिकी आहे, किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करत पदवी घेता येते.

पण ज्या जागा नुसत्या साध्या पदवीवर मिळत नाहीत त्याही पुष्कळ आहेत. सार्वजनिक बांधकाम विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याला स्थापत्यचा डिप्लोमा लागतो. महावितरणच्या विद्युत सहाय्यकाला वीजतंत्री किंवा तारतंत्री, म्हणजे आपला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन, लागतो. रेल्वेत सहायक लोको पायलटला दहावी आणि ठरावीक ट्रेडचं आयटीआय चालतं, डिप्लोमाही चालतो. बी.ए. झालेला मुलगा या शेवटच्या दोन जागांचे अर्ज नुसता बघत बसतो.

८. कोणता ट्रेड घ्यावा?

घरापासून तासाभराच्या अंतरावर कोणते कारखाने आहेत ते आधी बघा. चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी या पट्ट्यांत फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर यांना काम आहे. कारखाना जवळ नसेल तर इलेक्ट्रिशियन, वायरमन, प्लंबर, एसी-फ्रिजचा मेकॅनिक, कारण ही कामं तालुक्याच्या गावातही मिळतात. वायरमन-इलेक्ट्रिशियनला पुढे विद्युत निरीक्षक विभागाकडून परवाना घेता येतो, त्यावर स्वतःचं काम कायदेशीरपणे करता येतं.

माहितीपुस्तिकेत जोडारी, कातारी, संधाता असे शब्द दिसले तर दचकू नका. अनुक्रमे फिटर, टर्नर, वेल्डर. एका बाईंनी "संधाता म्हणजे हाडांचं काहीतरी असेल" म्हणून मुलाचा तो पर्याय खोडून टाकला होता.

कोपा हा कॉम्प्युटरचा ट्रेड आहे. फक्त "कॉम्प्युटर आहे, हात काळे होत नाहीत" म्हणून घेणाऱ्यांची गर्दी मोठी. वर्षभरानंतर डेटा एंट्रीच्या कामावर मात्र बी.कॉम.वालेही तिथेच रांगेत उभे असतात.

९. अप्रेंटिसशिप करावी की लगेच नोकरी धरावी?

करावी. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ खाली ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के. २०१९ च्या नियमदुरुस्तीत किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये असं ठरलं. मोठ्या कंपन्या यापेक्षा जास्त देतात. शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या लेव्हल १ पदांत २० टक्के जागा रेल्वेच्याच आस्थापनांत असं प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात.

खबरदारी एकच. काही ठेकेदार "ट्रेनी" म्हणून घेतात, करार नोंदवत नाहीत आणि वर्षभर राबवून सोडून देतात. करार सरकारी पोर्टलवर नोंदला गेला का हे पहिल्या महिन्यातच बघा. नसेल तर ते वर्ष प्रमाणपत्रात धरलं जात नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचं असंच गेलं आणि त्याला हे कळलं ते रेल्वेचा अर्ज भरताना.

१०. मुलीने फिटर किंवा इलेक्ट्रिशियन घेतलं तर चालेल का?

चालेल. विचारायचं ते वसतिगृहाचं आणि शेवटच्या एसटीचं, ट्रेडचं नव्हे. पॅनल असेंब्ली, वायर हार्नेस, क्वालिटी या विभागांत कंपन्या मुलींना घेतात. शिकवण्याकडे कल असेल तर ट्रेडनंतर एका वर्षाचा निदेशक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे (सीआयटीएस). मुंबईत चुनाभट्टीला त्याची केंद्रीय संस्था आहे, आणि दादरला खास महिलांसाठी.

११. एचएससी व्होकेशनल आणि द्विलक्षी, ही काय भानगड आहे?

द्विलक्षी म्हणजे नेहमीची अकरावी-बारावी, फक्त दुसरी भाषा आणि एक विषय यांच्या जागी २०० गुणांचा एक व्यवसाय विषय. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स वगैरे. गुण चांगले पडतात म्हणून विज्ञानाची मुलं घेतात. एचएससी व्होकेशनलमध्ये मात्र व्यवसाय हाच मुख्य विषय असतो. ती बारावीच धरली जाते, त्यामुळे पुढे बी.ए., बी.कॉम. करता येतं आणि तांत्रिक गट असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही अर्ज करता येतो. ज्याला बारावीचा कागदही हवा आणि हाताचं कामही, त्याला ही बरी. दुर्दैवाने ती चांगली शिकवणारी कॉलेजं मोजकीच आहेत, वर्कशॉप डोळ्यांनी बघूनच प्रवेश घ्या.

१२. दहावीत दोन विषय गेले. आता काय?

तीन पर्याय. जून-जुलैची पुरवणी परीक्षा द्या. किंवा एक-दोन विषयच गेले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश घ्या आणि राहिलेले विषय सोडवा. किंवा आयटीआय. वायरमन, वेल्डर, सुतारकाम असे काही ट्रेड दहावी नापास मुलांनाही मिळतात. डिप्लोमाला दहावी पासच लागते.

१३. मेडिकल लाइनला जायचंय, पण अकरावी-बारावी टाळून. दहावीनंतर फार्मसीचा डिप्लोमा असतो ना?

नसतो. नावात डिप्लोमा आहे म्हणून घोळ होतो. डी.फार्म. हा दोन वर्षांचा कोर्स बारावी विज्ञानानंतरचा आहे. नर्सिंगमध्ये जीएनएमला बारावी लागते, बी.एससी. नर्सिंगला जीवशास्त्रासह विज्ञान. एमबीबीएस, बीएएमएस, बीडीएस यांना नीट आणि नीटला भौतिक-रसायन-जीव. औषध आणि रुग्णाशी संबंधित जवळपास सगळी दारं बारावी विज्ञानातूनच उघडतात. अभियांत्रिकीचा डिप्लोमा घेतलेल्याला ही दिशा परत धरायची तर बारावी नव्याने करावी लागते.

१४. आमच्या गावात एक खासगी संस्था एका वर्षात "इंजिनिअरिंग डिप्लोमा" देते. घ्यावा का?

अभियांत्रिकीचा मान्यताप्राप्त डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा असतो. एका वर्षात मिळतो तो हा डिप्लोमा नव्हे. संस्थेला दोन गोष्टी विचारा. डिप्लोमा असेल तर तंत्रशिक्षण मंडळाचा संस्था क्रमांक काय? आयटीआय असेल तर हा ट्रेड एनसीव्हीटीचा, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचा, आहे का? मग दोन्ही सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. "मान्यता येणार आहे" असं उत्तर मिळालं तर चहा पिऊन घरी या. बऱ्याच सरकारी भरतींत एनसीव्हीटीचं प्रमाणपत्र मागतात.

१५. फी किती पडते? शिष्यवृत्ती आहे का?

सरकारी आयटीआय सगळ्यात स्वस्त, सरकारी तंत्रनिकेतन त्यानंतर. खासगीत अंतर खूप असतं. महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता बघा. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मिळाली आहे. मात्र प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, हवा. व्यवस्थापन कोट्यात गेलात तर हक्क सांगता येत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर निकालाआधीच काढून ठेवा, निकालानंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

१६. अकरावी विज्ञान घेतलंय, सहा महिन्यांत झेपत नाही असं दिसतंय. आता सोडू का?

अधेमधे सोडू नका. पुढच्या वर्षी आयटीआय किंवा डिप्लोमाला दहावीच्या गुणांवर अर्ज करता येतो, एका वर्षाच्या खंडाने काही बिघडत नाही. पण बारावी विज्ञान कशीबशी का होईना निघणार असेल तर आधी काढा. मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे अकरावी-बारावीतलं एक वर्ष परत मिळतं. नापासच होणार हे स्वच्छ दिसत असेल तर मात्र दुसरं वर्ष घालवू नका.

१७. बी.व्होक. ही पदवी खरी की नावापुरती?

खरी. यूजीसीची मान्यता आहे. पहिल्या वर्षानंतर डिप्लोमा, दुसऱ्यानंतर प्रगत डिप्लोमा आणि तिसऱ्यानंतर पदवी, मध्ये सोडलं तरी कागद मिळतो. पदवी हीच अट असलेल्या परीक्षांना चालते. प्रवेश मात्र बारावीनंतर. राज्याचं कौशल्य विद्यापीठ, जे आता रतन टाटांच्या नावाने आहे, या प्रकारच्या अभ्यासक्रमांसाठीच आहे.

१८. जर्मनीला आयटीआयवाले जातात म्हणे. खरं काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून हा प्रश्न वाढलाय. वाट आहे, पण त्यातली खरी अडचण म्हणजे भाषा. रोजचं बोलणं-वाचणं जमेल इतकी जर्मन लागते, आणि तुमचं प्रमाणपत्र तिथल्या पात्रतेशी ताडून बघितलं जातं. "भाषा नको, फक्त पैसे भरा" म्हणणाऱ्या एजंटाला पासपोर्ट देऊ नका.

१९. मुलगा म्हणतो आयटीआय, आजोबा म्हणतात सायन्स. काय करू?

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावीला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरवले. आजोबांना हे आकडे दाखवा, निदान बोलणं सुरू होईल.

त्यानंतर मुलाला घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये जा. शिकाऊ मुलांच्या शिफ्टच्या वेळी, प्रवेशाच्या गर्दीत नव्हे. फिटरच्या शॉपमध्ये अर्धा तास उभं राहू द्या. लोखंडाचा चौकोन फायलीने घासून मापात आणायला पहिल्या महिन्यात दिवस दिवस जातात, खांदे दुखतात, बोटांना फोड येतात. ते बघूनही तो दुसऱ्या दिवशी "परत जाऊया का?" म्हणाला तर आजोबांना पुढच्या वेळी सोबत न्या. निदेशकाला आधी फोन करा, म्हणजे गेटवर अडवणार नाहीत.